नव्या नीलकवचाकडे सात मागण्या

पोळा होऊन तिसरा दिवस. किन्हीराजाच्या बसस्टँडसमोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकून बसलेल्या हरीओमच्या फोनवर सकाळी सकाळीच बातमी येऊन आदळली. नीलकवच बदलणार! नुसता नट नाही हो, सगळंच. चौदा वर्षांत आलेले बारा सिनेमे कंपनीने उचलले आणि बाजूला ठेवले. आता गोष्ट पहिल्यापासून, निळ्या चिलखतात नवा माणूस, आणि आधी जे काही घडलं ते धरायचंच नाही. याला म्हणे रीबूट म्हणतात. हरीओमला तो शब्द नवा नव्हता, अडून बसलेले फोन तो दिवसातून वीस वेळा रीबूट करायचा. पण फोन वेगळा आणि नीलकवच वेगळा, बाप्पा!

‘कवच परिवार, वऱ्हाड’ या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसता शिमगा सुरू झाला. दोनशे बारा माणसं, आणि प्रत्येकाच्या घरातलं कुणी पळवून नेल्यासारखी बोंब. नवा नट किडकिडीत आहे. त्याच्या चिलखताचा निळा रंग जांभळ्याकडे झुकतोय. आणि हिंदीतला तो भारदस्त आवाज, तोही बदलणार का? त्या आवाजासाठी तर शेलुबाजारचा एक जण मुलीचं लग्न सोडून सिनेमाला गेला होता, आणि ते तो अजून अभिमानाने सांगायचा.

हा ग्रुप हरीओमच्या मोठ्या भावाने काढलेला. शिवमने. सिनेमे परदेशी, हिंदीत डब केलेले, पण शिवमने त्यांची अशी काही गोडी लावली की निम्म्या तालुक्याला नीलकवच आपल्याच गावचा वाटायचा. नवा सिनेमा लागला की शिवम बायकोला मागे बसवून मोटारसायकलवर कारंज्याला जायचा आणि घरी येऊन धाकट्या भावाला अथपासून इतिपर्यंत सांगायचा. हरीओमनेही तो सिनेमा पाहिलेला असायचा. तरी ऐकायचा.

मग एका पौषात शिवम हरभऱ्याला पाणी द्यायला गेला, विहिरीवरच्या मोटारीचा शॉक बसला आणि माणूस जागेवर गेला. एकतीस वर्षांचा. मागे राहिली बायको योगिनी, चिमुरडी वैजयंती, आणि ग्रुपची अ‍ॅडमिनकी. अ‍ॅडमिनकी हरीओमकडे आली. बाकीचं कुणाकडे जाणार, हे घरात अजून कुणी बोललं नव्हतं.

त्या दिवशी सहा वर्षांची वैजू दुकानात आली होती, काउंटरवर बसून मुरमुरे खात होती. काकाचं तोंड पाहून तिने विचारलं, “काय झालं वो काका?”

“कंपनी म्हणते, जुने बारा सिनेमे आता धराचे नाईत.”

“मंग ते झालेच नाई का?”

“असंच समजाचं म्हणते.”

वैजूने जरा विचार केला. “पन आपन तं पायले ना.”

हरीओमला हसू आलं. त्याचं हसू म्हणजे समोरच्या चहाच्या टपरीपर्यंत जाणारं, मध्येच घोरल्यासारखा आवाज करणारं. माणूसच तसा होता तो, गडबड्या. अंगात पोपटी शर्ट, यंदाच पोळ्याला घेतलेला, दोन शेतं ओलांडून दिसणारा. शिवम याच्या अगदी उलट. कमी बोलणारा, पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत व्यवस्थित दुमडलेल्या. घराच्या वळणावर आला की तो दोनदा हॉर्न वाजवायचा, टीट टीट, की योगिनी चहाचं आधण ठेवायची.

दुपारपर्यंत हरीओमने ग्रुपच्या वतीने कंपनीला पाठवायचा मसुदा लिहून काढला. सात मागण्या. चिलखत तसंच पाहिजे. चाल तशीच पाहिजे, डावा खांदा किंचित पाडून. पडल्यावर उठताना “थांब, मी अजून उभा आहे” हे वाक्य पाहिजे म्हणजे पाहिजे. आवाज तोच. अशा सात. कंपनी सात समुद्रापलीकडे, तिला मराठीतला हा मसुदा कोण वाचून दाखवणार होतं देव जाणे, पण सातव्या मागणीखाली दोनशे बारा अंगठे उमटले. दोनशे अकरा म्हणा. एकीने अंगठा दिला नाही, लिहिलं: “नवा माणूस आहे तं त्याले त्याचं करू द्या ना.”

ती योगिनी होती. हरीओमने फटकन उत्तर दिलं, “वैनी, ज्यानं जुना पायला त्याले नवा चालत नसते. चालवाचाच असन तं मंग हुबेहूब तसाच पायजे.”

आता हे वाक्य लक्षात ठेवा, कारण या शहाण्याने पुढे तेच केलं.

दसऱ्यानंतर ग्यानबामामा आले. कस्तुराबाईंचे, म्हणजे हरीओमच्या आईचे भाऊ. ओसरीवर बसून चहा बशीत ओतत त्यांनी विषय काढला. योगिनी तिशीचीसुद्धा नाही. पोर लहान. परक्या घरी गेली तर पोरीचं कसं होईल? त्यापेक्षा घरातच पाट लावून द्या. हरीओम बिनलग्नाचा आहे, पोरीला जीव लावतो. धाकट्या दिराशी पाट लावायची रीत या घरात आजच्या पिढीला नवी वाटली, तरी मामांच्या आजीचं तसंच झालं होतं आणि तिचा संसार झकास झाला होता. मामांनी तो सगळा इतिहास दोन कप चहात सांगितला.

हरीओमचे वडील रामकिसन उठून गोठ्यात गेले. ते आधीपासूनच कमी बोलायचे, आणि शिवम गेल्यापासून तर फक्त बैलांशी. कस्तुराबाई पदर डोळ्याला लावून बसल्या. योगिनीने आतून सांगितलं, “मले विचार करू द्या.” आणि चार दिवसांनी तीच म्हणाली, “भाऊजींची ना नसन, तं माही बी नाई.”

हरीओमची ना? अहो, त्याला रडू आलं. दुकानाचं शटर अर्धं ओढून तो आत बसून रडला. ती त्याला आवडायची, हे त्याने स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. आवडायची म्हणजे तसं नाही. भाऊ होता तोवर ती वैनी होती आणि विषय संपला. पण हा घास आयता ताटात पडला तेव्हा त्याला भीती वाटली. भावाच्या जागी मी? लोकांनी त्या किडकिड्या नटाला जशा शिव्या घातल्या, तशा मला घालतील. योगिनी घालेल. मनातल्या मनात रोज घालेल, आणि मला कळणारही नाही. शेवटी त्याने ठरवलं, तिला एकही उणीव दिसू द्यायची नाही.

दिवाळीच्या आधी तो जवळच्या मालेगावला अनुपच्या सलूनमध्ये गेला. अनुप ग्रुपचा दुसरा अ‍ॅडमिन, शिवमचे केस तोच कापायचा.

“शिवमदादासारखे काप,” हरीओम म्हणाला.

अनुप कात्री घेऊन थांबला. “काहून बे? तुह्या तोंडाले हे कुरळेच बरे दिसते.”

“काप म्हनलं ना.”

घरी आला तर कस्तुराबाई अंगणात धान्य वाळवत होत्या. त्यांनी वर पाहिलं, आणि हातातलं सगळं टाकून त्या पोराच्या गळ्यात पडल्या. “माहा शिवा वं, माहा शिवा आला!” त्याच संध्याकाळी त्यांनी पेटीतून शिवमचे पाच पांढरे शर्ट काढले, धुवून इस्त्री करून हरीओमच्या खुंटीला लावले. पोपटी शर्ट गाठोड्यात गेला. बिचारी माय. दोन वर्षांनी तिच्या तोंडावर उजेड आला होता, तिला कोण थांबवणार?

मग हरीओमने एकेक मागणी पुरी करायला घेतली. मोठ्याने हसणं बंद. बोलणं कमी. बाह्या कोपरापर्यंत. चहा बशीतून नाही, कपातून. जेवायला शिवमच्या जागेवर, भिंतीला पाठ लावून. आणि एक दिवस त्याने आत हाक मारली, “काय वं योगी, पानी दे बरं.” शिवम तिला तशी हाक मारायचा. आत भांडं पडल्याचा आवाज झाला. पाणी वैजूने आणून दिलं.

“काका, तुमी आता हासत काहून नाई?” वैजूने विचारलं.

“काका नाई म्हनाचं,” कस्तुराबाई आतून ओरडल्या. “बाबा म्हन.”

वैजूने एकदा आत, एकदा काकाकडे पाहिलं आणि त्या दिवसापासून तिने हरीओमला कशानेच हाक मारली नाही.

योगिनी बारीक होत चालली. हरीओमला ते दिसत होतं, पण त्याने त्याचा अर्थ भलताच लावला. आपली कॉपी अजून पक्की जमली नाही, असं त्याला वाटलं. काय म्हणावं अशा माणसाला? सिनेमे पाहून पाहून अक्कल अशी झालेली. रात्रंदिवस तो भावाला आठवत होता, त्याची एकेक लकब उकरून काढत होता, आणि समोरची जिवंत बाई त्याला दिसत नव्हती. लग्नाची तारीख संक्रांतीनंतरची धरली होती, पोहरादेवीला जाऊन चार माणसांत उरकायचं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी योगिनी अंगणात बसून तूर पाखडत होती. दुपारचं ऊन, सुपाचा आवाज, बाकी सगळं शांत. हरीओम मालेगावहून येत होता. अंगात पांढरा शर्ट, आणि बुडाखाली पहिल्यांदाच शिवमची मोटारसायकल. दोन वर्षं ताडपत्रीखाली होती ती, हरीओमने चोरून दुरुस्त करून आणली होती. तिला आनंद होईल म्हणून. वळणावर आला आणि त्याने हॉर्न दाबला.

टीट टीट.

योगिनी उठली. सूप मांडीवरून पडलं, तूर सगळ्या अंगणात पांगली, आणि ती पळाली. अनवाणी, पदर कुठे आणि ती कुठे, फाटकापर्यंत पळत आली. तिच्या तोंडावर जे होतं ते हरीओमने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा कधी दिसणारही नव्हतं. मग तिने त्याचं तोंड पाहिलं.

ती तिथेच फाटकाला धरून खाली बसली. रडली नाही. म्हणाली, “भाऊजी, तुमी असे काहून करता वो?”

“तुमच्यासाठीच तं करून राह्यलो, वैनी. तुमाले त्याची कमी वाटू नये म्हनून.”

“कमी?” योगिनी म्हणाली. “तो एकदा मेला ना, ते मी पायलं. सोसलं. आता तुमी हा शर्ट घालून दारातून येता, मले वाटते आला. मंग तोंड दिसते. दिवसातून दहा डाव तो मरते माह्यासाठी. मी हरीओमभाऊजीले हो म्हनलं होतं. त्या पोपटी शर्टवाल्याले. तो पोरीले हासवते, मले बी कधीकधी हासू येते, म्हनलं जमन. तो तं कुठी दिसतच नाई आता.”

हरीओम मोटारसायकलला धरून उभा राहिला. मनात आलं, उद्याच शर्ट बदलतो, केस वाढवतो. पण त्याच वेळी कस्तुराबाई घरातून धावत आल्या. हॉर्न त्यांनीही ऐकला होता. “आला का रे शिवा?” म्हणत त्यांनी मोटारसायकलवरून हात फिरवला, हरीओमच्या गालावरून फिरवला. आणि हा लेकाचा, मायचं तोंड पाहून, म्हणाला, “हाव माय. आलो.”

योगिनीने ते ऐकलं. संक्रांत झाल्यावर ती वैजूला घेऊन कारंज्याला माहेरी गेली. भांडण नाही, तंटा नाही. एसटीत चढताना सासूच्या पाया पडली.

बस गेल्यावर रामकिसन दुकानात आले. ते दुकानात कधीच यायचे नाहीत. स्टुलावर बसले, काउंटरवरचे उघडे फोन पाहत राहिले, आणि म्हणाले, “मले दोन पोरं होते. एक गेला. तू बी शिवम झाला, तं माहे दोनीही गेले ना बापा.” एवढंच बोलले आणि उठून गेले.

हरीओमने त्या संध्याकाळी पाचही शर्ट घडी करून पेटीत ठेवले. कस्तुराबाईंनी चार दिवस त्याच्याशी अबोला धरला, मग एक दिवस स्वतःच पेटीला कुलूप लावलं. केस वाढायला वेळ लागतो. चैत्र येईतो कुरळे दिसायला लागले. योगिनीला फोन करायचा असं तो रोज ठरवायचा, आणि रोज म्हणायचा, आधी केस वाढू दे. एकदा शिवम होऊन तिच्यापुढे गेलो ती चूक झाली, आता जाईन तर पुरा हरीओम म्हणून जाईन. पाहा, तरी खोड गेली नव्हती.

चैत्रात नवा नीलकवच लागला. हरीओमने योगिनीला फोन लावला. “वैजूले सिनेमाले नेऊ का?”

“न्या,” ती म्हणाली. “आठवन काढते तुमची.”

त्याने विचारलं, “तुमी येता?” पलीकडून जराशाने उत्तर आलं, “नाई. तुमी घरी या मंग, बोलू.”

‘बोलू’ म्हणाली! हरीओमने गाठोड्यातून पोपटी शर्ट काढला. घडीवर थोडा विटला होता. एसटीत बसून कारंज्यापर्यंत तो मनात एकच वाक्य घोकत गेला: वैनी, मी हरीओम म्हनून आलो, शिवम म्हनून नाई.

टॉकीजच्या दारात आईकडच्या आजोबांचं बोट धरून उभ्या वैजूने त्याला पाहिलं आणि “हरीकाका!” म्हणून ओरडली. इतकं बरं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

सिनेमा काही फार भारी नव्हता. मधला अर्धा तास तर जांभया देण्यासारखा. पण नवा नट पडद्यावर आला आणि कंपनीने सातही मागण्या कशा धुडकावल्यात ते दिसलं. चाल वेगळी, आवाज वेगळा, शब्द वेगळे. हा पोरगा हसायचा, चारचौघांत नको तेव्हा हसायचा. आणि शेवटाकडे एक प्रसंग होता. काचेच्या पेटीत जुनं निळं चिलखत उभं आहे, आतला माणूस नाही. नवा त्याच्यापुढे येतो, काचेवर हात ठेवतो, जरा वेळ थांबतो, आणि पेटी न उघडता आपलं साधं जॅकेट घालून बाहेर जातो. बस्स. टॉकीजमध्ये कुणी शिट्टी मारली नाही. मग मागच्या रांगेत बसलेल्या ग्रुपमधून अनुपचा आवाज आला, “एकही मागनी मानली नाई लेकाच्यानं,” आणि तो आवाज भरलेला होता.

हरीओम ढसाढसा रडत होता.

“काका, हा तोच होय का?” वैजूने विचारलं.

“नाई. हा दुसरा.”

“मंग तो कुठी गेला?”

“तो गेला, वैजू. परत नाई येत.”

वैजूने मान हलवली. तिने आपला रुमाल त्याला दिला.

घरी योगिनी दारातच उभी होती. जराशी भरली होती, तोंडावर तकाकी आली होती. तिने हरीओमला पाहिलं, वरून खालपर्यंत, आणि तिचे डोळे एकदम भरून आले. “हा तुमचा शर्ट ना, भाऊजी? पोळ्यावाला.”

“हाव,” हरीओम म्हणाला, आणि घोकलेलं वाक्य तोंडात आणलं. पण आतल्या खोलीत कुणीतरी पाहुणे बसलेले दिसत होते, आणि दाराशी परक्या चपला होत्या.

“मंगरुळपीरचे हायेत,” योगिनी खाली पाहत म्हणाली. “शाळेत आहेत ते. त्यांची बी बायको गेली. बाबानं होळीले जमवलं. वैशाखातली तारीख धरली. तुमाले फोनवर सांगता नाई आलं मले, म्हनून घरी बोलावलं.”

“कसे आहेत?”

“बरे आहेत. आपल्या मतानं वागते. कोनासारखे नाईत.” ती थांबली. मग अगदी हळू म्हणाली, “मी माघभर वाट पायली, भाऊजी. म्हनलं, या शर्टात एक डाव येतीन.”

हरीओमला हसू आलं. कसं आलं कोण जाणे, पण तेच त्याचं जुनं, घोरल्यासारखं हसू, रस्त्यापर्यंत जाणारं. योगिनीलाही आलं, आणि हसता हसता तिने पदर तोंडाला लावला. आतले पाहुणे वळून पाहायला लागले.

तो पायऱ्या उतरला तेव्हा वैजू मागे धावत आली. “काका, आता नवीन बाबा येनार. मंग जुने बाबा धराचे नाईत का?”

हरीओम रस्त्यातच गुडघ्यावर बसला. “धराचे,” तो म्हणाला. “आपन पायले ना त्याइले.”

“आन तुमी?”

त्याने तिचा रुमाल तिच्या मुठीत परत दिला, आणि किन्हीराजाकडे जाणारी पाचची एसटी धरायला तो स्टँडकडे चालू लागला.